बहात्तर काटे, शंभर कौरव

हॉटेलांच्या मेनूकार्डावर हल्ली 'पॅशन फ्रूट'चे सरबत दिसते. एका ठिकाणी मालकाने हौसेने खाली मराठीही छापले होते: 'उत्कट फळ'. हसू आले, पण त्या भल्या माणसाला दोष देववेना. 'गाणं ही माझी पॅशन आहे' हे आपण रोज ऐकतो. पॅशन म्हणजे ओढ, ध्यास, वेड, हेच आपल्याला ठाऊक. फळाचे नाव मात्र वेडावरून पडलेले नाही, हालांवरून पडले आहे.

लॅटिनमध्ये 'पाती' म्हणजे सोसणे आणि 'पासिओ' म्हणजे ते सोसणे. दवाखान्याच्या बाकावर ताटकळणारा 'पेशंट' याच धातूतून निघालेला. सोसणारा तो पेशंट. ख्रिस्ती लॅटिनने 'पासिओ'ला एक खास अर्थ दिला: येशूने अखेरच्या दिवसांत, क्रूसावर प्राण जाईपर्यंत, जे भोगले ते. आपल्याकडचे ख्रिस्ती त्याला 'दुःखसहन' म्हणतात. शब्द जोडून केलेला आहे, पण लॅटिनचा मूळ अर्थ त्याने इंग्रजीपेक्षा चांगला राखला. इंग्रजीत 'पॅशन' सोसण्यावरून मनाच्या क्षोभाकडे सरकली, क्षोभावरून वासनेकडे, आणि आता छंदाच्या वर्गांच्या जाहिरातीत येऊन बसली आहे.

हे फळ ज्या वेलाचे, त्याच्या जातभाईला आपण कृष्णकमळ म्हणतो. वेल मूळचा अमेरिका खंडातला. स्पॅनिश लोकांनी तो तिथे पाहिला, फळ खाल्ले आणि साधेच नाव दिले, 'ग्रानादिया', म्हणजे छोटे डाळिंब. पण सोबत धर्मोपदेशकही होते, आणि त्यांचे लक्ष फळाआधी फुलाकडे गेले. 1609 मध्ये मेक्सिकोचा एक ऑगस्टिनियन साधू या फुलाची चित्रे घेऊन रोमला पोचला. तिथे याकोमो बोझिओ हा पंडित क्रूसावर मोठा ग्रंथ लिहीत होता. चित्रे पाहून तो थक्क झाला आणि फूल त्याच्या ग्रंथात शिरले. त्याने आणि त्याच्यामागून आलेल्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचले. मधले तीन कुक्षिवृन्त म्हणजे तीन खिळे. पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा. वेलाचे ताणे म्हणजे चाबकाच्या वाद्या, टोकदार पान म्हणजे भाला. भोवतीची तंतूंची झालर म्हणजे काट्यांचा मुकुट. बोझिओने तंतू बहात्तर धरले, कारण मुकुटाला बहात्तर काटे होते अशी परंपरा होती.

दहा पाकळ्यांचा हिशेब मात्र मला खटकतो. (खरे तर त्या पाच पाकळ्या आणि पाच निदले, पण दिसतात सारखीच.) शिष्य बारा. मग घात करणारा यहूदा वजा, 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणारा पेत्र वजा, उरले दहा. पण शुभवर्तमानच सांगते की अटकेच्या वेळी झाडून सगळे शिष्य पळाले. मग पेत्राच्या नावावरच काट का? फुलाच्या पाकळ्या दहा भरल्या म्हणून, एवढेच.

त्या काळीही सगळ्यांना हे पटले नव्हते. इंग्लंडच्या जॉन पार्किन्सनने 1629 मध्ये आपल्या बागकामाच्या ग्रंथात या कथेची जेझुइटांच्या थापा म्हणून टर उडवली. फुलाच्या निमित्ताने त्याने कॅथलिक-प्रोटेस्टंटांचे जुने भांडण उकरून काढले. तरी नाव टिकले. 1753 मध्ये लिनियसने 'पासिफ्लोरा' असे शास्त्रीय नाव देऊन त्यावर शिक्का मारला. ब्राझीलच्या तुपी लोकांचा शब्द फळापुरता उरला. पोर्तुगीज माणूस अजून 'माराकुजा'च मागतो.

आता आपल्या अंगणात या. आमच्या शेजारच्या काकूंनी लहानपणी मला हेच फूल हातात धरून वाचायला शिकवले. झालरीचे तंतू म्हणजे शंभर कौरव. पाच पुंकेसर म्हणजे पांडव. वरचे तीन म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. आणि मधोमध कृष्ण. बोझिओचे नाव त्यांनी ऐकले असण्याची शक्यता नाही, पण पद्धत तीच. मी एकदा सुईच्या टोकाने तंतू मोजायला बसलो. दोनदा मोजले, दोन आकडे आले. ना बहात्तर, ना शंभर. हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "मेल्या, कौरव काय एका जागी उभे राहतात?"

तिकडे जपान्यांना याच फुलात घड्याळाची तबकडी दिसली. ते त्याला 'तोकेइसो', घड्याळाचे झाड, म्हणतात. मला जपानी नाव सर्वांत प्रामाणिक वाटते, पण आवडत नाही.

नावातले 'कमळ' हीही आपली जुनी खोड. हा वेल कमळ नव्हे. रात्री फुलणारे आपल्या कुंडीतले ब्रह्मकमळही कमळ नव्हे. ते मध्य अमेरिकेकडचे निवडुंग. सुंदर आणि परके काही दिसले की आपण त्याला कमळ म्हणून घरात घेतो. मराठी बायबलनेही तेच केले. डोंगरावरच्या प्रवचनात येशू रानातल्या फुलांकडे बोट दाखवतो. ग्रीकमध्ये 'क्रिना', इंग्रजीत 'लिली'. मराठी भाषांतरात तिथे 'भूकमळे' फुलली आहेत. ते नेमके कोणते फूल, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण त्या जागी येशू पाकळ्या मोजत नाही की खुणा जुळवत नाही. शलमोन राजाही असा नटला नव्हता एवढेच म्हणतो आणि बघायला सांगतो. बोझिओपेक्षा हे वाचन मला मोठे वाटते. रेव्हरंड टिळकांनी 'वनवासी फूल' लिहिले ते याच वाटेने जाऊन, अशी माझी समजूत आहे.

राहता राहिला त्या हॉटेलवाल्याचा प्रश्न: पॅशनला मराठी काय? 'दुःखसहन' देवळात शोभते, सरबताच्या पेल्यावर नाही. माझे मत 'भोग' या शब्दाला आहे. 'भुज्' धातू, त्यातूनच भोजन, उपभोग, भोगवटा. देवाला दाखवतो तो भोग, विलासी माणसाचे ते भोग, आणि कपाळी आलेले, चुकवता न येणारे, तेही भोगच. सोसणे आणि चाखणे यांना इंग्रजीत एका शब्दात यायला काही शतके लागली. मराठीत ती दोन्ही 'भोग' या एका शब्दात शेजारी शेजारी नांदतात.

तंतू तुम्हीही मोजून पाहा. मात्र फूल उमलेल त्याच दिवशी मोजा. दुसऱ्या दिवशी ते मिटलेले असते.