संततिनियमनाची गोळी आणि रक्ताची गुठळी

आपल्या द्वारका चौकात चार गाड्या अडल्या की मागे रांग किती लांबते, हे नाशिककरांस सांगावयास नको. रक्तवाहिनीत गुठळी अडकली म्हणजे असेच होते. मात्र तेथे प्रश्न प्राणांचा असतो.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले. ह्या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. त्यांच्या काळची साधने बाह्य होती. पोटात घेण्याच्या गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाली ती १९६० साली, त्यांच्या निधनानंतर. ही गोळी रक्तात मिसळते, म्हणून प्रश्नही नवा उभा राहिला.

१९६१ साली इंग्लंडातील सफोक परगण्यातले डॉक्टर जॉर्डन यांनी 'लॅन्सेट' साप्ताहिकाला पत्र धाडले. गोळ्या घेणाऱ्या एका परिचारिकेच्या फुप्फुसांत गुठळ्या आढळल्या होत्या. एका पत्राने सिद्धान्त ठरत नाही. पण चौकशी सुरू झाली आणि १९६९ साली ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने इस्ट्रोजेन ५० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे असा सल्ला दिला. पहिल्या गोळीत ते १५० होते! १९७० साली अमेरिकन सेनेटच्या चौकशीत गोळी घेणाऱ्या स्त्रियांनाच साक्षीस बोलाविले नाही, म्हणून स्त्रियांनी सभागृहात उभे राहून जाब विचारला. त्यानंतर पाकिटात माहितीपत्रक येऊ लागले.

आता रक्तात घडते काय? जखम झाली की प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म चकत्या तेथे एकमेकींस चिकटतात आणि गोठविणारी द्रव्ये त्यांवर जाळे विणतात. गोळीने प्लेटलेट अधिक लवकर चिकटतात असे काही तपासण्यांत दिसले, काहींत दिसले नाही. मुख्य फरक पडतो तो द्रव्यांत. इस्ट्रोजेनमुळे यकृत गोठविणारी द्रव्ये अधिक बनविते आणि गोठण्याला आवर घालणारी काही द्रव्ये घटतात. त्यामुळे पायांच्या खोल शिरांत गुठळी होण्याचा संभव वाढतो. धमनीतल्या गुठळीत मात्र प्लेटलेटचा वाटा मोठा. म्हणून पस्तिशीपुढे धूम्रपान किंवा वाढलेला रक्तदाब असता ही गोळी वर्ज्य मानतात.

भीतीचेही माप घेतले पाहिजे. वर्षाला दहा हजार स्त्रियांमागे शिरांत गुठळी होते ती गोळी न घेणाऱ्यांत १ ते ५ जणींना, घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. गरोदरपणी मात्र ५ ते २० जणींना, आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत त्याहूनही अधिक. आपल्याकडील 'माला-एन'मध्ये इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम आहे.

तेव्हा गोळी विष नव्हे आणि खडीसाखरही नव्हे. पूर्वी कधी गुठळी झाली होती काय, रक्तदाब किती, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकते काय, हे प्रत्येकीला विचारले गेले पाहिजे. कुणी विचारले नाही, तर तिने आपण होऊन सांगावे. शास्त्र उघड्यावर बोलण्याचा जो हक्क कर्व्यांनी मागितला, तो ह्यासाठीच होता असे आम्हांस वाटते.