नळ्यांखालची अक्षरं

जुन्या बेल्जियन दुनळी बंदुकीवरचं नाव घडवणाऱ्याचं असेलच असं नाही. अमेरिकेत 'डब्ल्यू. रिचर्ड्स' नावाने खपलेल्या कितीतरी बंदुका बेल्जियममधल्या लिएजच्या. नाव मात्र वेस्टली रिचर्ड्स या इंग्रज कंपनीची आठवण देणारं. म्हणून मी नळ्या उतरवून खालची बाजू पाहते. लंबगोलातली 'ईएलजी' ही अक्षरं आणि तारा म्हणजे लिएजच्या चाचणीगृहाचा शिक्का. वर मुकुट असेल तर तो १८९३ किंवा त्यानंतरचा. ताऱ्याखालचं सुटं अक्षर तपासनिसाचं. काम घरोघरी वाटलेलं: नळ्या एकाकडे, चाप दुसऱ्याकडे, दस्ता तिसऱ्याकडे. नळी घडवणाऱ्याची आद्याक्षरं कधीकधी तिथेच कोरलेली असतात. पुस्तक हाती आलं की आधी अनुवादकाचं नाव शोधणारी मी, त्या दोन अक्षरांपाशी थांबते.