कुंपणाआड हरवलेले फुलपाखरू

१९७९ साली ब्रिटनमधून एक फुलपाखरू नाहीसे झाले. त्याचे नाव ‘लार्ज ब्लू’, म्हणजे मोठे निळे. पंख पसरले तर जेमतेम चार-पाच सेंटिमीटर रुंदी, रंग निळा आणि पुढच्या पंखांवर काळे ठिपके. शास्त्रीय नाव मॅक्युलिनिया अरिऑन. अलीकडे ते फेन्गारिस अरिऑन असे लिहितात.

एखादी जात एका देशातून नष्ट होणे ही दुर्दैवाने नवी गोष्ट नाही. पण हे फुलपाखरू दुर्लक्षामुळे गेले नाही. त्याला वाचवण्यासाठी माणसे पन्नास वर्षे धडपडत होती. कुंपणे घातली, राखणदारी केली, १९६२ साली खास समिती स्थापन केली. तरीही ते गेले. मग चूक कुठे झाली? आणि ती कळली कशी? या प्रश्नांचे उत्तर प्रयोगशाळेत मिळाले नाही. ते मिळाले एका डोंगरउतारावर, ओळीने सहा उन्हाळे केलेल्या निरीक्षणांतून. विज्ञानाची पद्धत वर्गात शिकवताना सांगावी अशी ही हकिकत आहे.

अर्धे आयुष्य गुपित

या फुलपाखराची ब्रिटनमधली पहिली नोंद १७९५ सालची. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ हौशी संग्राहक दर उन्हाळ्यात जाळी घेऊन त्याच्या मागे हिंडत राहिले. मादी थाईम नावाच्या लहानशा रानझुडपाच्या कळ्यांवर अंडी घालते, हे त्यांना ठाऊक होते. थाईम आपल्याकडे रानात आढळत नाही, पण त्याचा वास आपल्याला परका नाही. ओव्याला ज्या द्रव्यामुळे वास येतो, त्या थायमॉलचे नाव या थाईमवरूनच पडले आहे.

अंड्यातून बाहेर पडलेला सुरवंट थाईमची फुले खातो, हेही कळले होते. पण दोन-तीन आठवड्यांनी, तिसऱ्यांदा कात टाकली की तो खाणे बंद करी. घरी पाळलेल्या सुरवंटांपुढे कोणतेही पान, कोणतेही फूल ठेवले तरी ते तोंड लावत नसत आणि मरून जात. रानात मात्र पुढच्या जूनमध्ये फुलपाखरे पुन्हा उडताना दिसत. मधले दहा महिने सुरवंट कुठे जातो?

हे कोडे १९१५ साली सुटले. चॅपमन नावाच्या डॉक्टर-कीटकशास्त्रज्ञांनी थाईमचे एक झुडूप उपटले, तेव्हा खाली मुंग्यांच्या घरात त्यांना हा सुरवंट सापडला. त्याच्या पोटात मुंग्यांच्या अळ्यांचे अवशेष निघाले! चित्रकार व निसर्ग-अभ्यासक फ्रोहॉक आणि त्यांचे सहकारी कॅप्टन प्युअरफॉय यांनी मग अर्ध्या अक्रोडाच्या कवचात मुंग्या आणि सुरवंट एकत्र ठेवून पुढचा सारा जीवनक्रम पाहिला.

तो असा आहे. सुरवंट संध्याकाळी झुडपावरून जमिनीवर पडतो आणि थांबून राहतो. एखादी लाल मुंगी त्याला हुडकते. त्याच्या पाठीवरच्या ग्रंथीतून पाझरणारा गोड थेंब ती चाटते. काही वेळाने सुरवंट आपले अंग असे फुगवतो, की मुंगीला ती आपलीच वाट चुकलेली अळी वाटते. ती त्याला उचलून घरात नेते. हा पाहुणा मग अंधारात मुंग्यांच्याच अळ्या खात राहतो. त्याच्या अंतिम वजनापैकी सुमारे ९८ टक्के वजन या मुंग्यांच्या घरात वाढलेले असते. तिथेच तो कोषात जातो आणि उन्हाळ्यात फुलपाखरू होऊन मुंग्यांच्या वाटेनेच बाहेर येतो.

कुंपण आले आणि फुलपाखरू गेले

जीवनक्रम समजला, पण फुलपाखरांची संख्या घटतच राहिली. दोष सरळ संग्राहकांना दिला गेला. ते साहजिकही होते. दुर्मिळ फुलपाखराला किंमत येते आणि जाळेवाले तिथे धावतात. म्हणून काही जागा राखून ठेवल्या, त्यांना कुंपणे घातली.

संग्राहक बाहेर राहिले. पण गुरे-मेंढ्याही बाहेर राहिल्या. आत गवत माजले. थाईम होता, लाल मुंग्याही होत्या, फुलपाखरे मात्र कमी होत गेली. कधी कधी तर राखलेल्या जागेतून ती आधी गेली. याचे कारण कोणालाच सांगता येईना. हवामान, कीटकनाशके, संग्राहक असे अनेक तर्क झाले. यातला प्रत्येक तर्क ऐकायला बरोबर वाटत होता, पण एकाचीही मोजणी कोणी केलेली नव्हती.

सहा उन्हाळे

१९७२ साली जेरेमी थॉमस या तरुण शास्त्रज्ञावर हे काम आले. तोवर फुलपाखराच्या अगदी थोड्या वसाहती उरल्या होत्या. थॉमस इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डार्टमूर भागातल्या एका वसाहतीजवळ राहू लागले आणि सहा उन्हाळे त्यांनी एकच काम केले: मोजणे.

हंगामी क्षेत्रकार्यातली मोठी अडचण अशी, की प्रत्येक अवस्था वर्षातून थोडेच दिवस दिसते. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत फुलपाखरे उडणार. त्याच दिवसांत थाईमच्या कळ्यांवर अंडी मिळणार. सुरवंट खाली पडतो ती संध्याकाळ हुकली, तर पुन्हा पाहण्यासाठी वर्षभर थांबायचे. पावसाने एक आठवडा खाल्ला, तर त्या वर्षाच्या नोंदीत भोक पडले. घाईला इथे वाव नाही.

थॉमस यांनी अंडी किती घातली, त्यांतली किती फुटली, झुडपावर किती सुरवंट जगले, मुंग्यांनी किती नेले आणि शेवटी किती फुलपाखरे बाहेर आली, याचा अवस्थेगणिक जमाखर्च मांडला. दुकानदार महिन्याच्या शेवटी तूट कुठे आली हे वहीतून शोधतो, तसेच हे होते. तूट दर वर्षी कमी-जास्त होत होती ती अंड्यांत नव्हे, झुडपावरही नव्हे. ती होती जमिनीखाली, मुंग्यांच्या घरात.

लाल मुंग्या, पण कोणत्या?

इथे तपशिलाने घात केला होता. लाल मुंग्या म्हणून सगळे ज्यांना एकच समजत होते, त्या मिरमिका या प्रजातीतल्या निरनिराळ्या जातींच्या होत्या. भिंगाखाली पाहिल्याशिवाय त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. थाईमखाली या सगळ्याच जाती फिरत असतात आणि जिला सुरवंट आधी सापडेल ती त्याला घरी नेते. पण सुरवंट चांगला जगतो तो एकाच जातीच्या घरात. तिचे नाव मिरमिका सॅब्युलेटी. इतर जातींच्या घरात बहुतेक सुरवंट मरतात. घर मोठेही लागते. एक फुलपाखरू तयार व्हायला साडेतीनशेच्या आसपास कामकरी मुंग्या असलेले घर हवे, असे पुढच्या अभ्यासात आढळले.

आता गवताचा संबंध पाहू. सॅब्युलेटी मुंगीला ऊब हवी. ब्रिटनसारख्या थंड देशात तिला ती मिळते फक्त दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांवर, गवत अगदी आखूड असेल तर. गवत दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा उंच झाले, की सावलीमुळे जमिनीचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. एवढ्याने सॅब्युलेटी मागे हटते आणि तिच्या जागी थंडावा सोसणारी दुसरी मिरमिका येते. वरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नाही. थाईम तोच, मुंग्याही लालच!

गवत आखूड ठेवत कोण होते? गुरे, मेंढ्या आणि ससे. निकस उतारांवर गुरे चारणे शेतकऱ्यांनी हळूहळू सोडून दिले. १९५३ साली मिक्झोमॅटोसिस हा सशांचा साथीचा रोग ब्रिटनमध्ये आला आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक ससे मेले. जे काम दात करत होते, ते थांबले. सशाचा रोग, गवताची उंची, जमिनीचे तापमान, मुंगीची जात आणि फुलपाखरू या साखळीतली मधली कडी मातीखाली असल्यामुळे ती कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

म्हणजे कुंपणाने फुलपाखराला शत्रूपासून वाचवले नाही, तर मित्रांपासून तोडले.

उशीर आणि पुन्हा सुरुवात

हे चित्र स्पष्ट होईपर्यंत वेळ निघून गेली होती. त्यातच १९७६ चा मोठा दुष्काळ पडला. उरलीसुरली वसाहत इतकी लहान झाली की ती सावरली नाही. ज्या माणसाला कारण सापडले, त्याच्या डोळ्यांसमोर १९७९ मध्ये हे फुलपाखरू ब्रिटनमधून गेले.

पण ज्ञान शिल्लक होते. झुडपे काढून, गुरे पुन्हा चारून गवत आखूड करण्यात आले. सॅब्युलेटी मुंग्या वाढल्या. मग १९८३ साली स्वीडनच्या ऑलंड बेटावरून याच फुलपाखराचे सुरवंट आणून सोडायला सुरुवात झाली. थॉमस यांच्याबरोबर या कामात डेव्हिड सिमकॉक्स होते. हळूहळू वसाहती जमल्या. २००० साली सॉमरसेटमधल्या कॉलर्ड हिल या टेकडीवर ते आणले गेले आणि पुढे लोकांना ते तिथे मोकळेपणे पाहता येऊ लागले. या साऱ्या प्रयत्नाचा लेखाजोखा २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१९ साली ग्लॉस्टरशायरमधल्या रॉडबरो कॉमन येथे सुमारे ११०० सुरवंट सोडले, आणि २०२० च्या उन्हाळ्यात तिथे अंदाजे ७५० फुलपाखरे उडाली. त्या जागी ते जवळजवळ १५० वर्षांनी दिसत होते.

संग्राहकांचीही बाजू सांगायला हवी. टाचणीने टोचलेल्या त्यांच्या नमुन्यांखाली गाव आणि तारीख लिहिलेली असे. कोणत्या उतारावर हे फुलपाखरू कधी होते, हे आज समजते ते बरेचसे त्या चिठ्ठ्यांवरूनच. नमुना जपला आणि चिठ्ठी नसली, तर तो केवळ शोभेचा. चिठ्ठी असली की तो पुरावा ठरतो.

आपल्या शाळेत काय करता येईल?

याच सुमारास ब्रिटनमध्ये अर्नेस्ट पोलार्ड यांनी फुलपाखरे मोजण्याची एक साधी रीत बसवली. ठरलेल्या वाटेने, आठवड्यातून एकदा, उन्हाच्या वेळी सावकाश चालायचे आणि आपल्या सभोवती पाच मीटरच्या टप्प्यात दिसतील तेवढी फुलपाखरे जातवार मोजायची. एप्रिल ते सप्टेंबर असे २६ आठवडे. १९७६ पासून तिथे देशभर अशा नोंदी होत आहेत आणि त्यांत हौशी माणसांचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे हंगाम वेगळा. पावसाळ्यात आणि त्यानंतर फुलपाखरे भरपूर असतात. शाळेच्या आवारात सायकस असेल तर त्याला कोवळी पाने फुटण्याची वाट पाहा. त्यांवर ‘प्लेन्स क्यूपिड’ या लहानशा निळ्या फुलपाखराचे सुरवंट मिळतात आणि त्यांच्याभोवती मुंग्या घोटाळत असतात. बोरीच्या झाडावर ‘कॉमन पिएरो’च्या सुरवंटांपाशीही मुंग्या दिसतात. ही दोन्ही लार्ज ब्लूच्याच कुलातली. इथे मात्र सौदा सरळ आहे: सुरवंट गोड थेंब देतो, मुंग्या राखण करतात. काहीही न पकडता, न तोडता मुले हे पाहू शकतात.

वहीत पाच रकाने पुरतील: तारीख, वेळ, जागा, काय दिसले, किती दिसले. सहावा रकाना मात्र मुलांना आवर्जून आखायला सांगावा: ‘आजूबाजूला काय होते?’ गवत किती उंच, मुंग्या कशा, गुरे चरत होती का? पहिल्या वर्षी हा रकाना रिकामटेकडा वाटेल. लार्ज ब्लूच्या बाबतीत नेमका हाच रकाना पन्नास वर्षे कोरा राहिला होता.