दातांत लिहिलेले वय : गोव्याचा अश्वव्यापार आणि घोड्याची पारख

‘धर्माची गाय, दात का गे नाय’ ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पोर्तुगीज भाषेतही याच आशयाची म्हण रूढ आहे. मात्र तेथे गाईच्या जागी घोडा उभा आहे. दान मिळालेल्या घोड्याचे दात पाहू नयेत, असे ती सांगते. याचा अर्थ उघड आहे. पदरचे द्रव्य मोजून घ्यावयाच्या घोड्याचे दात पाहिल्यावाचून व्यवहार करू नये. गोव्याच्या बंदरात एके काळी या नियमाला फार मोठे मोल होते.

दक्षिणेच्या उष्ण व दमट हवेत उत्तम जातीच्या घोड्यांची पैदास नीट होत नसे. त्यामुळे बहामनी, विजापूर आणि विजयनगर या सत्तांना आपल्या घोडदळासाठी अरबस्तान व इराणकडून येणाऱ्या घोड्यांवर विसंबून राहावे लागे. चौल, दाभोळ, गोवा, होनावर, भटकळ या बंदरांत हे घोडे उतरत. सन १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्क याने गोवे जिंकले आणि हा सारा व्यापार गोव्यातच एकवटावा असा यत्न आरंभिला. घोड्यांवरील जकात ही पोर्तुगीज राजवटीच्या उत्पन्नाची एक मोठी बाब होऊन बसली. सन १५४७ मध्ये विजयनगराशी झालेल्या तहात तर गोव्यात उतरणारे घोडे विजापूरकरांस न मिळता विजयनगरासच मिळावेत, असे कलम घालण्यात आले. घोडा हे त्या काळी राजकारणातील शस्त्रच होते.

सुमारे १५३५ च्या काळात विजयनगरात राहिलेल्या फेर्नांव नुनिश या पोर्तुगिजाने लिहून ठेवलेला वृत्तांत सन १८९७ मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध झाला. तो सांगतो की, साळुव नरसिंह राजा तीन घोड्यांस एक हजार परदांव या दराने घोडे घेई आणि समुद्रप्रवासात मेलेल्या घोड्याची केवळ शेपटी आणून दाखविली, तरी जिवंत घोड्याप्रमाणेच त्याचे मोल देई. पुढील काळातील राजा दरवर्षी होर्मुझचे व देशी मिळून तेरा हजार घोडे विकत घेत असे, असेही तो नमूद करतो. त्यांतील निवडक घोडे राजाच्या पागेत जात व उरलेले सरदारांस दिले जात. एका जनावरामागे इतके द्रव्य खर्ची पडत असता त्याच्या अंगी कामाची किती वर्षे शिल्लक आहेत, हा प्रश्न गौण कसा राहील?

या प्रश्नाचा विचार आपल्या पूर्वजांनी फार आधीच केला होता. कौटिलीय अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाने प्रत्येक घोड्याचे कुल, वय, वर्ण, चिन्हे, वर्ग व तो कोठून आला हे लिहून ठेवावे, अशी आज्ञा आहे. वंशाच्या लगोलग वयाचा उल्लेख यावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. घोडा चौथ्या वा पाचव्या वर्षी पूर्ण वाढून कामास योग्य होतो, असेही तेथे सांगितले आहे. आधुनिक पशुवैद्यकाचा निर्वाळाही याहून फारसा निराळा नाही. पायांची हाडे आधी पक्की होतात. पाठीच्या मणक्यांची वाढ मात्र सर्वांत शेवटी, पाच वर्षे उलटल्यावर पुरी होते. कोवळ्या शिंगराच्या पाठीवर खोगीर व स्वार लादणारा धनी दोन वर्षांच्या घाईपायी पुढील दहा वर्षे गमावून बसतो.

दातांवरून वय ओळखण्याची रीत सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत दिली आहे. पांढऱ्या सहा दातांचे शिंगरू वर्षाचे. तेच दात काळपट तांबूस झाले म्हणजे दोन वर्षांचे. पुढे मधली, तिच्या शेजारची व कडेची अशा दातांच्या जोड्या क्रमाने पडून नव्या येतात, तेव्हा घोडा तीन, चार व पाच वर्षांचा होतो. त्यानंतर दातांवरील रंग व खुणा दर तीन वर्षांनी पालटतात आणि शेवटी दात हलून गळून पडतात. या गणनेने घोड्याचे आयुष्य बत्तीस वर्षांपर्यंत जाते.

पाच वर्षांपर्यंतची ही खूण आजही खरी ठरते. पुढे खालच्या दातांतील खळगे झिजू लागतात. मधले सहाव्या, शेजारचे सातव्या व कडेचे आठव्या वर्षाच्या सुमारास बुजतात. त्यानंतर मात्र अंदाज करणे कठीण होत जाते. वाळवंटातील रेताड चाऱ्यावर वाढलेल्या घोड्याचे दात लवकर झिजतात व तो वयाहून थोराड वाटतो. मऊ चंदीवर पोसलेला तरुण भासतो. अरबस्तानातून आलेल्या घोड्याची पारख करणाऱ्यास ही गोष्ट ध्यानी ठेवणे अगत्याचे होते. शिवाय झिजलेले दात कोरून व डागून त्यांत खोटे खळगे उठविणारे लबाड दलाल अनेक देशांत होऊन गेले आहेत. तथापि वयाबरोबर दातांचा कल पुढे झुकतो, तो कोणत्याही हिकमतीने लपत नाही.

असे असले तरी वय वाढले म्हणजे मोल सरले, असे नव्हे. बारा-पंधरा वर्षांचा निरोगी घोडा धावेत तरण्याशी बरोबरी करणार नाही. परंतु तो गोंगाटास बुजत नाही, लगामाची भाषा जाणतो आणि नवख्या स्वारास सांभाळून नेतो. नवखा स्वार आणि नवखा घोडा यांची जोडी दोघांसही घातक होते, हा स्वारांचा सार्वत्रिक अनुभव आहे. म्हणूनच घोडा घेताना त्याचे वय किती, याबरोबरच तो कोणासाठी व कोणत्या कामासाठी घ्यावयाचा, हेही पाहावे लागते.

तालिकोटच्या युद्धात सन १५६५ मध्ये विजयनगराचा पाडाव झाला आणि गोव्याच्या अश्वव्यापारास ओहोटी लागली. ज्या धक्क्यांवर हजारो घोडे उतरले, तेथे आज त्यांची खूण उरलेली नाही. पण कौटिल्याचे एक वचन मात्र स्मरणात ठेवण्यासारखे आहे. युद्धाने, व्याधीने, वार्धक्याने वा श्रमाने क्षीण झालेल्या घोड्यांस पोटापुरते अन्न मिळत राहावे, अशी सोय त्याने सांगितली आहे. काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या त्या ग्रंथकाराने हा खर्च व्यर्थ मानला नाही. ज्या वहीत घोड्याचे वय कामासाठी लिहिले जाई, त्याच वहीवरून त्याच्या म्हातारपणाचा घासही ठरत असे.