पान रानाचे, बाई घराची

श्रोते हो, तेंदूचे झाड आपल्या भंडारा जिल्ह्यात कुणाला नव्याने सांगायला नको. उन्हाळ्यात टेंभरे खाल्ली नाहीत असे पोर इकडे विरळाच! पण याच झाडाच्या पानाने आपल्या बायाबापड्यांना घरात कसे बांधून ठेवले, हा इतिहास सहसा शाळेत शिकवला जात नाही. तो आज थोडक्यात पाहू.

विसाव्या शतकात विडीचा धंदा आपल्या भागात पसरला. तंबाखू बाहेरून येई, पान मात्र आपल्याच रानातले. पान भिजवायचे, कात्रीने मापात कापायचे, तंबाखू भरून वळायचे आणि दोऱ्याने बांधायचे. मजुरी हजारावर. खराब विड्या छाटून टाकल्या की तेवढी मेहनत फुकट जाई. तरी बाईने हे काम धरले. का? कारण ते घरी बसून होई. पायाशी पाळणा आणि पलीकडे अंथरुणाला खिळलेला सासरा. दोघांकडे लक्ष ठेवता येई.

फाल्गुन-चैत्रात मोह वेचायला आणि पुढे पान तोडायला गावच्या बाया पहाटेच निघत. आमच्या शेजारच्या एक आजी दारातून त्यांना पाहत राहायच्या. म्हणायच्या, “पान येते रानातून माह्यापाशी, मीच नाही जात रानात.” एवढे बोलून पुन्हा सूप मांडीवर घ्यायच्या.

१९४८ साली मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने एक कायदा केला. आपला जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. शेतीला मजूर कमी पडू नयेत म्हणून हंगामात ठरावीक गावांत विड्या वळण्यास बंदी घालण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. सागर जिल्ह्यात अशी बंदी आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९५० मध्ये न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. एक कारण ध्यानात ठेवण्याजोगे आहे: ज्यांना शेतात काम करणे शक्यच नाही, अशा म्हाताऱ्या, अपंग माणसांची आणि बायामुलांची भाकरीही ही बंदी हिरावत होती.

म्हणजे घरची विडी वाचली. पण घरचा भार? १९६६ साली विडी कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. जिथे पन्नासांहून अधिक स्त्रिया कामाला असतील, अशा कारखान्यात मुलांसाठी खोली ठेवावी, असे त्यात होते. पण जी आपल्याच ओसरीवर विड्या वळते, तिचे मूल कोण सांभाळणार? आणि सासऱ्याला पाणी कोण देणार? ते काम तिच्याच गळ्यात राहिले.

शिक्षक बंधुभगिनींनो, तेंदूचे पान वर्गात दाखवाल तेव्हा मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: तुमची आजी रानात शेवटची कधी गेली होती? ज्या घरी उत्तर येणार नाही, तिथे एक दिवस कुणीतरी पाळण्यापाशी आणि खाटेपाशी बसावे, आणि तिला मोहाखाली जाऊ द्यावे. एवढे तर कायद्यावाचूनही होईल.