परक्याचे हृदय, आपला सांगाडा : इंजिन-माउंटिंगची एक कथा

१/ मारुंजीहून वाकडमार्गे चिंचवडला निघाले की संगणक कंपन्यांच्या काचा मागे पडतात आणि लेथ-वेल्डिंगचे जग सुरू होते. जुन्या शर्यतीच्या मोटारीचा जीर्णोद्धार करणाऱ्याला येथे कुशल हात सहज मिळतात. परंतु एक प्रश्न केवळ हातांनी सुटत नाही. ज्या कंसावर इंजिन टेकते तो कापावा की राखावा? याचे उत्तर इतिहासात आहे.

२/ गॅरेजात ज्याला ‘माउंटिंग’ किंवा ‘फाउंडेशन’ म्हणतात, तो पोलादी कंस आणि रबराचा ठोकळा तीन कामे करतो : इंजिनाचे वजन पेलणे, हादरे शोषणे आणि इंजिनाचा पीळ आवरणे. क्रँकशाफ्ट एका दिशेने फिरतो, तेव्हा सबंध इंजिन उलट दिशेने कलू पाहते.

३/ आरंभीच्या अनेक गाड्यांत इंजिन थेट चासीला आवळलेले असे. १९३१ मध्ये क्रायस्लरने प्लिमथ मोटारीत ‘फ्लोटिंग पॉवर’ आणले : पुढे उंचावर एक आधार, मागे गिअरबॉक्सखाली दुसरा. इंजिन स्वतःच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती रबरावर डोलू लागले. सित्रोएनने हे तंत्र परवान्याने घेतले आणि त्याची खूण म्हणून बोधचिन्हात चक्क तरंगता हंस झळकवला!

४/ याच क्रायस्लरशी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी करार केला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. १९४७ पासून कुर्ल्यात डॉज-प्लिमथची जुळणी होऊ लागली. पुढे फियाट आली आणि तिचीच ‘पद्मिनी’ झाली.

५/ १९८५ मध्ये प्रीमियरने ‘११८ एनई’ आणली. तिचा देह फियाट १२४ चा, म्हणजे १९६६ च्या इटालियन रचनेचा. इंजिन मात्र निसानचे ११७१ सीसीचे ए-१२, गिअरबॉक्सही निसानचाच. ‘एनई’ म्हणजे निसान इंजिन. इटालियन सांगाड्यात जपानी हृदय बसवायचे, तर दोहोंमधला दुवा नव्यानेच घडवावा लागणार. भारतीय रॅलींमध्येही ही गाडी धावली.

६/ असा दुवा आज पुन्हा घडवायचा तर? प्रथम रिकामा ब्लॉक आणि गिअरबॉक्स जोडून जागेवर टांगतात. ऑइल संप खालच्या आडव्या तुळईला लागू नये, पंख्याला जागा उरावी. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचा आणि डिफरन्शियलचा कोन जुळवावा लागतो. तो चुकला, तर प्रोपेलर शाफ्ट थरथरतो. मग पुठ्ठ्याचा साचा, त्यावरून पत्रा, आधी फक्त टाके, पुन्हा मापे आणि शेवटी पक्के वेल्डिंग. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलाद ओढले जाते, म्हणून काम जिगमध्ये जखडूनच करतात. रबर शेवटी बसवतात, नाहीतर ते जळते.

७/ येथेच सापळा आहे. फियाट १२४ ची पुस्तके चाळून बसलेला हौशी मनुष्य ११८ एनई उघडतो, त्याला इटलीच्या आराखड्यात नसलेला कंस दिसतो आणि तो म्हणतो, “हे कुणीतरी नंतर ठोकलेले आहे, कापून टाका.” आणि प्रीमियरच्या कारखान्यातला एक पुरावा भंगारात जातो. येथे ‘परका’ वाटणारा तुकडाच अस्सल आहे.

८/ शर्यतीच्या गाडीत गुंता आणखी वाढतो. मेकॅनिकने रबर काढून घट्ट पोलादी आधार बसवले असतील, तर तो बदलही तिच्या चरित्राचाच भाग होय. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक संघटनेची ‘ट्युरिन सनद’ हेच सांगते : मूळ द्रव्य जपा, नवे काम ओळखू येईल असे ठेवा आणि शक्यतो ते परत काढता यावे. म्हणून आधी छायाचित्र, मग माप आणि सर्वांत शेवटी कटर. नव्या कंसावर तारीख कोरायला विसरू नका.

९/ योगायोग पाहा. २००९ मध्ये याच प्रीमियरने ‘रिओ’ आणली ती चिंचवडहून. दैहात्सूच्या रचनेवरील चिनी देहात प्यूजो घराण्याचे डिझेल इंजिन! प्रीमियरचा जुना प्रश्न आपल्या शेजारी पुन्हा सुटला होता.

१०/ मित्रहो, इतिहास केवळ गडकिल्ल्यांच्या चिऱ्यांत नसतो. बॉनेटखाली, तेलाने माखलेल्या चार बोटे रुंदीच्या कंसातही असतो. तो वाचता आला पाहिजे. धागा समाप्त.