ठिणगीची जागा

शिक्षकांच्या एका विज्ञान मेळाव्यासाठी आम्ही जळगावहून चोपड्याला निघालो होतो. तापी ओलांडली, रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा सुरू झाल्या आणि गाडी 'मिसिंग' मारू लागली. गाडी म्हणजे एक जुनी व्हॅन. तिचे इंजिन पुढच्या सीटखाली. धक्के खात कसेबसे गावात पोचलो. तिथल्या एका मिस्त्रींनी आम्हाला खाली उतरवले, सीट उचलली आणि मनगट जेमतेम जाईल एवढ्या फटीतून हात आत घातला. प्लग त्यांना दिसत नव्हता, तो बोटांनाच कळत होता.

बाहेर आलेला प्लग काजळीने काळा झाला होता. "कचरा आलाय, सर," मिस्त्री म्हणाले. नवा प्लग बसवताना मात्र त्यांनी आधी पाना घेतला नाही. पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या टोकावर चढवला आणि नळी दोन बोटांत फिरवत प्लग आत उतरवला. असे का, म्हणून आम्ही विचारले. "आटे सरळ धरले तर प्लग फिरतो. वाकडा गेला तर नळीच घसरते. पान्याला ते समजत नाही."

भौतिकीच्या पुस्तकात न सापडणारा हा धडा घेऊन आम्ही मेळाव्याला गेलो. पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. जी वस्तू अधूनमधून काढावीच लागते, ती इतक्या अडचणीच्या जागी ठेवलीच कशाला? त्याचे उत्तर शोधायचे तर स्पार्क प्लगचा इतिहास पाहावा लागतो.

ज्योतीकडून ठिणगीकडे

१८६० साली पॅरिसमध्ये एतिएन लेन्वार याने वायूवर चालणारे इंजिन बनवले. त्यातील मिश्रण पेटवण्यासाठी त्याने विजेची ठिणगी वापरली. म्हणजे स्पार्क प्लगचा पूर्वज मोटारीहूनही जुना आहे. पण ही पद्धत बेभरवशाची होती. म्हणून निकोलाउस ओटो याने १८७६ साली चार फेऱ्यांचे इंजिन बनवले तेव्हा ठिणगी सोडून ज्योत पसंत केली. डाइमलरने तापवून लाल केलेली नळी वापरली. १८८६ साली पेटंट मिळालेल्या आपल्या मोटारीत कार्ल बेंझ मात्र पुन्हा विजेकडे वळला. इंजिनाच्या साऱ्या अडचणींत प्रज्वलन ही सर्वांत मोठी अडचण आहे, असे त्याचे मत होते.

ती अडचण सुटली १९०२ मध्ये. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील अभियंता गोटलोब होनोल्ड याने उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग अशी जोडी तयार केली. इंजिनात हलणारे संपर्क ठेवण्याची गरज उरली नाही. दोन अग्रांमधली एक छोटीशी फट पुरेशी झाली.

ही फट साधारण पाऊण मिलिमीटरची. ती ओलांडण्यासाठी वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागू शकतो. उघड्या हवेत एवढ्याच फटीला याहून पुष्कळ कमी दाब पुरतो. सिलिंडरमध्ये दाबलेला वायू दाट असतो. त्यातून मोकळे इलेक्ट्रॉन फार अंतर धावू शकत नाहीत, लगेच रेणूंवर आदळतात. म्हणून ठिणगी पाडायला अधिक व्होल्ट लागतात. हे लक्षात घेतले की मिस्त्री लोकांना नेहमी पडणारे एक कोडे सुटते. बाहेर काढून बॉडीला टेकवलेला प्लग छान ठिणगी देतो आणि आत बसवला की गप्प होतो. आत व्होल्ट चढू लागतात, पण फट ओलांडण्याआधीच वीज काजळीच्या थरावरून निसटून जाते.

चिनी माती, अभ्रक आणि अ‍ॅल्युमिना

प्लगचा कस लागतो तो त्याच्या पांढऱ्या निरोधकात. त्याने हजारो व्होल्ट अडवायचे, एका क्षणी तापलेला वायू तर दुसऱ्या क्षणी थंड मिश्रण झेलायचे आणि तरीही तडकायचे नाही. ३००० फेऱ्यांच्या वेगाने चालणाऱ्या चार फेऱ्यांच्या इंजिनात एका सिलिंडरमध्ये मिनिटाला १५०० ठिणग्या पडतात. तासाला होतात ९० हजार.

सुरुवातीची चिनी माती उष्णतेने तडकत असे. मग अभ्रकाच्या पातळ थरांचे प्लग आले. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या इंजिनांत असे प्लग होते. उत्तम अभ्रकाचा मोठा पुरवठा त्या काळी भारतातून, कोडरमा परिसरातून होत असे. पुढे १९३० च्या दशकात भट्टीत घट्ट केलेला अ‍ॅल्युमिना आला. तो वीज अडवतो आणि उष्णता मात्र चिनी मातीपेक्षा कितीतरी सहज वाहून नेतो. आजचे प्लगही त्याचेच असतात.

निरोधकाच्या टोकाचे तापमान हाही नाजूक मामला आहे. ते सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तर काजळी जळत नाही, साचते. फार वर गेले तर ठिणगीची वाट न पाहता मिश्रण आपोआप पेटते. म्हणून प्रत्येक इंजिनाला त्याचा ठरलेला प्लग लागतो. आटे जुळतात म्हणून कोणताही प्लग चालत नाही.

माथ्यावरून विहिरीत

आता जागेकडे येऊ. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत चारही प्लग इंजिनाच्या माथ्यावर उभे होते. युद्धकाळातील विलीज जीपमध्येही तेच. बोनेट उघडले की प्लग हाताशी. आपल्याकडच्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये ते इंजिनाच्या एका कुशीला ओळीने होते आणि गरम नळ्या दुसऱ्या कुशीला. शिवाय भोवती पुष्कळ मोकळी जागा.

१९५९ साली ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस याने मिनी ही जेमतेम तीन मीटर लांबीची गाडी आखली आणि इंजिन आडवे बसवले. माणसांना जागा मिळाली, इंजिनाची गेली. या गाडीत प्लग पुढच्या जाळीच्या अगदी मागे आले आणि पावसाचे पाणी त्यांच्यापर्यंत पोचू लागले. आडव्या इंजिनाची हीच मांडणी १९८३ च्या मारुती ८०० पासून भारतात सर्वत्र रुळली. पुढे प्रत्येक सिलिंडरला चार झडपा आल्या, तेव्हा प्लगसाठी चौघींच्या मधली चिंचोळी जागा उरली. तो बारीक झाला, खोल विहिरीत गेला आणि त्याच्या डोक्यावर प्रज्वलनाचे कॉइल येऊन बसले.

आयुष्य वाढले, अंतर वाढले

हे सारे जागेच्या टंचाईमुळे झाले का? केवळ तेवढ्याने नाही. प्लग लवकर बिघडत असता तर कोणत्याही अभियंत्याने तो असा पुरला नसता. पेट्रोलमध्ये शिसे मिसळत असत तोवर शिशाची संयुगे निरोधकावर साचत आणि तापली की वीज वाहू देत. भारतात १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि २००० साली ते देशभर झाले. इंधनाचे मोजमाप संगणकाकडे गेल्याने काजळी घटली. अग्राला प्लॅटिनम, इरिडियम यांसारखे न झिजणारे धातू आले. काही हजार किलोमीटरला साफ करावा लागणारा प्लग लाखभर किलोमीटर टिकू लागला. क्वचित लागणारी वस्तू आपण माळ्यावर ठेवतो, तसेच हे झाले.

मात्र या हिशेबात एक बाजू राहून जाते. शहरात नवी घेतलेली गाडी बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे तालुक्याच्या गावी येते. पहिल्या मालकाला प्लग कुठे असतो हे कळायचेही कारण पडत नाही. तो काढण्याची वेळ येते चोपड्यासारख्या गावात. तोवर पोलादी प्लग अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत वर्षानुवर्षे जखडलेला असतो. जोर लावला की आटे निघतात आणि दोन-चारशे रुपयांच्या कामापायी इंजिनाचे हेड उतरवावे लागते. सोय पहिल्या मालकाची झाली; अडचण आली ती शेवटच्या मालकाच्या आणि त्याच्या मिस्त्रीच्या वाट्याला.

इथेच ती रबरी नळी आठवते. अ‍ॅल्युमिनियम तापले की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. गरम हेडमध्ये थंड प्लग आवळला, तर निवताना हेड त्याला करकचून धरते. शिवाय तापलेले आटे नरम असतात. म्हणून इंजिन निवू द्यायचे, आधी बोटांनी फिरवायचे आणि पाना शेवटी घ्यायचा. ही रीत ज्या हातांना ठाऊक आहे, त्यांना प्रसरणाचा गुणांक सांगता आला नाही तरी तो समजलेला असतो.

शिक्षकांनी जवळच्या गॅरेजमधून टाकून दिलेले चार-पाच प्लग जरूर मागून आणावेत. फिकट तपकिरी टोक म्हणजे ज्वलन ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळे म्हणजे तेल वर येते आहे, पांढरे फटक म्हणजे टोक फार तापले आहे. विद्यार्थ्यांना आधी रंग पाहू द्यावेत, मग कारणे विचारावीत. चालत्या इंजिनाला मात्र हात लावू देऊ नये. आणि जमल्यास मिस्त्रींनाच एक तास वर्गात बोलवावे, नळीचा तुकडा घेऊन.